बारा मीटर पाणी

बंदरात शिरायचं तर भरतीला, आणि अमावास्या गाठून.
हे मी विडी घरकुलात बसून सांगतोय,
जिथून समुद्र चारशे किलोमीटर
आणि नळाचं पाणी चार दिवसांआड.

आधी तोंडाशी थांबायचं.
मोटारी बंद, पोट वाळूला टेकवून,
एखादं गबाळं मालवाहू जहाज येईपर्यंत.
त्याच्यासाठी जाळं उघडतात.
त्याच्या ढुंगणामागून दोन नॉटनं आत सरकायचं,
दुसऱ्याच्या वऱ्हाडामागून पंगतीला घुसावं तसं.
नागेश म्याकल म्हणतो, तीन नॉट चालतात.
तो तीनदा बुडालाय.

आत पाणी बारा मीटर.
खोल समुद्रात भित्राही शूर असतो,
डुबकी मारली की सुटला.
इथं खाली जायला खालीच नाही.
पेरिस्कोप तीन सेकंद, तोंडानं मोजून:
धक्का कुठं, दिवे किती, गस्तीची बोट कुठल्या अंगाला.
मग खाली घ्यायचा आणि आठवेल तेवढं कागदावर.
मी अम्माच्या जुन्या विडी कार्डांवर काढतो.
पुढं हजार विड्यांचा हिशोब,
मागं शत्रूचं बंदर.

आणि मारण्याआधी वळायचं. हे कुणी सांगत नाही.
नाक बाहेरच्या वाटेकडं, मारायचं शेपटाकडून.
लांबच्या जहाजावर पहिला टॉर्पेडो, जवळच्यावर शेवटचा,
म्हणजे सगळे एकाच ठोक्याला पोचतात
आणि कोण कुठून आलं हे कळेतोवर
आपण जाळ्याबाहेर.

काल रात्री दीडला मी हे सगळं केलं होतं.
वळलो होतो. चारी गणितं झाली होती.
पत्रा अजून दुपारचा तापलेला,
कूलर कोरडा, नुसताच खडखडत होता,
म्हणून बंद केला.
हेडफोनची तार तुटलीय, स्पीकर टेबलावर उघडा.
दूर एक पंखा फिरत होता, जड, बाहेर निघालेला.
मालवाहू, मी म्हटलं. जाऊ दे.
बोट बटणावर ठेवलं.

नायना कधी उठले कळलं नाही.
पस्तीस वर्षं माग चालवलेत त्यांनी,
कान कारखान्यातच राहिले.
बातम्यासुद्धा ते ओठांवरून बघतात.
माझ्या शेजारी उभे राहिले आणि आधाराला
तळवा टेबलावर टेकवला.
मग टेकवूनच ठेवला.

"दोन आहेत," म्हणाले. मोठ्यानं,
त्यांना हळू बोलता येत नाही.
"पुढचा जड, चादरीच्या मागासारखा.
त्याच्या आड दुसरा चाललाय, हलका. टॉवेलचा माग.
फास्ट आहे."

मी ओठांवर बोट ठेवलं.
वेड्यासारखं. कुणाला ऐकू जाणार होतं?
पण नायनांनी लगेच तोंड मिटलं,
आणि मी मोटारी बंद केल्या,
आणि आम्ही दोघं बारा मीटर पाण्याखाली
श्वास धरून उभे.
विनाशिका डोक्यावरून गेली.
टेबलावरचा स्टीलचा पेला बारीक थरथरला.
नायनांचं बोट त्या थरथरीबरोबर
हवेत पुढं पुढं सरकत गेलं, दारापर्यंत,
आणि तिथं थांबलं.
"गेला."

मी विचारणार होतो, हे कळतं कसं.
त्यांच्याकडं तोंड करून, सावकाश, ओठ दिसतील असं.
तेवढ्यात त्यांनी भिंतीला हात लावला.
"आलं," म्हणाले.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
मग शेजारच्या श्रीपतींची मोटर सुरू झाली,
मग पुढची, मग सगळी गल्ली,
आणि अम्मा आतून ओरडली, पिंप आधी!

नळ खड्ड्यात आहे, दोन फूट खाली.
नायना वाकून भरत होते, मी उचलत होतो.
पिंप, दोन घागरी, बादल्या, कूलर,
पेलासुद्धा.

परत आलो तर साडेचार.
गेम थांबवायला विसरलो होतो.
कुणी शोधलं नव्हतं आम्हाला,
टॉर्पेडो चारी तसेच, नाक बाहेर,
फक्त भरती ओसरली होती. पाणी नऊ मीटर.
आमचा मनोरा चिखलातून वर आलेला,
आणि पूर्वेला फटफटत होतं, तिथंही.

मी नायनांकडं बघितलं.
त्यांनी ओले हात लुंगीला पुसले,
स्टूल ओढलं,
आणि तळवा टेबलावर ठेवला.